मला तर तुम्ही विचारलंच नाही

तुमसर तालुक्यातल्या आंबागडला राहून गेली काही वर्षे मी बायकांच्या गटांबरोबर काम करते. किल्ल्याच्या पायथ्याचे गाव, भोवती धानाची शेती आणि जंगल. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी सर्वेक्षणाचे शास्त्र शिकले होते. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बांधायची, कोष्टके कशी काढायची, सगळे परीक्षेपुरते नीट पाठ होते. तरीही एका पाहणीत माझ्या हातून एक चूक झाली. हा लेख त्या चुकीतून आला आहे.

पाहणी बायकांच्या रोजगाराची आणि आरोग्याची होती. परिसरातल्या काही गावांत आम्ही घरोघर जात होतो. त्यातल्या एका गावातली ही हकीकत. गावाचे नाव मी सांगत नाही आणि घराच्या खुणाही बदलल्या आहेत. त्याचे कारण पुढे येईलच.

छपरीत बाज टाकून घरधनी बसले होते. ते एकेक नाव सांगत गेले, मी रकाने भरत गेले. नाव, नाते, वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक दर्जा. खरे सांगायचे तर 'लिंग' हा रकाना मी विचारतच नव्हते. नाव ऐकले की 'पु.' किंवा 'स्त्री' लिहून मोकळी होत होते. "ही मोठी पोरगी. बारावी झाली. लग्नाचं पाहणं सुरू आहे." मी लिहिले, स्त्री, अविवाहित. ती 'मोठी पोरगी' पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "पाणी आणली जी," एवढेच तिचे शब्द.

निघाले तेव्हा तीच व्यक्ती बोडीच्या पाळीपर्यंत माझ्या मागोमाग आली. आजूबाजूला कोणी नाही हे बघून म्हणाली, "मॅडम, मी तुमच्याशी बोलायला आलो."

आलो. घरात 'आणली' आणि इथे 'आलो'.

"तुमच्या कागदावर लिहिलं ते माझ्या बाबांचं उत्तर आहे जी. मला तर तुम्ही विचारलंच नाही."

मी गडबडले. पेन काढून विचारले, "मग काय लिहू? 'इतर' लिहू का?"

"इतर म्हणजे कोण जी? मी इतर नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न, "हा कागद तुम्ही गावात कोणाला दाखवाल तर नाही ना?"

त्या दिवशी त्याने आणखीही काही सांगितले. ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच्या या दोन-तीन वाक्यांत सर्वेक्षणशास्त्राचे तीन धडे होते. उत्तर कोण देतो? उत्तरासाठी दिलेले शब्द कोणाचे आहेत? आणि उत्तर दिल्यावर देणाऱ्याचे काय होते?

हे धडे आपल्याला नवे आहेत का?

स्त्री चळवळीने तरी हे धडे नवे म्हणू नयेत. बाईचे काम मोजले जावे म्हणून आपण किती वर्षे भांडलो! आमच्या भंडाऱ्यात बाई रोवण्याला कंबर मोडते, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करते, उरल्या वेळात विड्या वळते. आणि प्रगणक दारात आला की घरधनी सांगतो, "ती काही करत नाही, घरीच असते." कामाची नोंद शून्य. बाई काम करत नव्हती म्हणून हे शून्य पडले नाही. प्रश्न चुकीचा होता आणि तो चुकीच्या माणसाला विचारला गेला होता. स्त्री संघटना आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी पाठपुरावा केला, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच 'शेतीवरील वा घरच्या धंद्यातील बिनमजुरीचे काम धरून' अशा अर्थाचे शब्द आले. चार-सहा शब्दांची भर, पण त्यातून लाखो बायकांचे श्रम कागदावर येण्याची वाट उघडली.

मारहाणीच्या बाबतीतही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९८-९९ च्या फेरीत मारहाणीबद्दल मोघम विचारले होते. २००५-०६ च्या फेरीपासून एकेक कृती विचारली जाऊ लागली. थप्पड मारली का, केस ओढले का, ढकलले का, गळा दाबला का? कारण 'तुमच्यावर अत्याचार होतो का' असे विचारले तर बाई 'नाही' म्हणते. तिच्या मते तो संसार असतो. शिवाय नियम असा की हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारायचे, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. म्हणजे एकांत नसेल तर माहितीच नको, इथवर सरकारी पाहणीही आली आहे.

मग जी व्यक्ती जन्मदाखल्यावर मुलगी आणि मनाने मुलगा आहे, किंवा जी बाई बाईवर प्रेम करते, तिच्या बाबतीत आपण पुन्हा छपरीतल्या घरधन्यालाच का विचारतो?

'इतर' नावाची पेटी

२००१ पर्यंतच्या जनगणनेत हिजड्यांची नोंद 'पुरुष' म्हणून करा अशी प्रगणकांना सूचना असे. २०११ मध्ये पहिल्यांदा पुरुष १, स्त्री २ यांच्या जोडीला 'इतर ३' आले. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद या रकान्यात झाली. साक्षरता सुमारे ५६ टक्के निघाली. त्या वेळी देशाची एकूण साक्षरता ७३ टक्के होती. निदान एवढे तरी दिसले, याचे मोल मी कमी मानत नाही.

पण याच आकड्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे. 'इतर' म्हणून नोंदलेल्यांपैकी ५४,८५४ मुले शून्य ते सहा वर्षांची होती. दीड वर्षाच्या बाळाने आपली ओळख प्रगणकाला कशी सांगितली असेल? काही बाळे जन्मतः शरीराने आंतरलिंगी असतील, काही ठिकाणी लिहिण्यातच चूक झाली असेल. मोठ्यांच्या आकड्यात कोणी हिजडा समाजातले आहेत, कोणाला घरच्यांनी तिसऱ्या रकान्यात टाकले आहे, आणि माझ्या त्या बोडीवरच्या मित्रासारखे किती तरी जण 'स्त्री' नाही तर 'पुरुष' या रकान्यात गाडले गेले आहेत. शरीराची जन्मतःची घडण, स्वतःविषयीची जाणीव आणि समाजाने दिलेले नाव या तीन वेगळ्या गोष्टी एका पेटीत कोंबल्या, तर हाती येणाऱ्या आकड्याचा अर्थ कोण लावणार?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात सांगितले की आपण कोण हे ज्याचे त्याने ठरवायचे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण २०११ नंतर जनगणना झालीच नाही. २०२१ ची राहून गेली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असल्याचे सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्यात जात मोजायचेही ठरले आहे. कागद जाऊन मोबाईल आला, तरी एकच माणूस साऱ्या घराची माहिती देणार असेल तर रकान्याचे नाव बदलून काय साधणार?

मोजणीची भीती खरी आहे

इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मोजणी नेहमी भल्यासाठीच होते असे नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकी वेषात सार्वजनिक ठिकाणी फिरणे हाच गुन्हा ठरत असे. तिथे मोजायचे ते पकडण्यासाठी. "हा कागद गावात दाखवाल तर नाही ना?" या प्रश्नामागे तीच भीती आहे.

लहान गावात ती आणखी खरी ठरते. समजा, मी अहवालात गाववार कोष्टक छापले आणि एका गावापुढे 'पारलिंगी : १' असे लिहिले. नाव कुठेच नाही. पण गावाला नाव लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरावर लोकांची नजर, त्या आठवड्यात घाईने ठरवलेले लग्न. मी वर गावाचे नाव लिहिले नाही ते यासाठीच. गाव तर सोडाच, तालुक्याच्या पातळीवरही इतके छोटे आकडे छापू नयेत. जिल्हा, विभाग, राज्य अशा मोठ्या गोळाबेरजेतच ते द्यावेत.

शब्द कोणाचे?

आंबागडच्या बचत गटात मी एक प्रयोग केला. कोणाला स्वतःबद्दल काही विचारले नाही. फक्त प्रश्न वाचून दाखवायचा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं' एवढेच विचारायचे. पहिला शब्द होता 'लिंग'. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. एक आजी म्हणाल्या, "लिंग म्हणजे गायमुखच्या महादेवाचं का जी?" ज्या शब्दाने एक तर देऊळ आठवते, नाही तर लाज वाटते, तो शब्द आपण प्रत्येक सरकारी कागदावर छापतो.

'लैंगिक कल' हा शब्द तर कोणालाच लागला नाही. 'समलिंगी' शब्द टीव्हीवर ऐकलेला, पण तो 'शहरातल्या पोरांचा'. 'तृतीयपंथी' म्हणजे रेल्वेत टाळ्या वाजवणारे, एवढेच. मग एकीने विचारले, "दंडारीत बाईचं सोंग घेते तो मंग कोण?" प्रश्न चांगला होता. दंडारीत लुगडे नेसून नाचणारा घरी गेल्यावर स्वतःला पुरुषच मानत असेल. किंवा नसेलही. वेष पाहून ते कळत नाही. भाषेवरूनही कळत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आमच्याकडच्या बाया 'मी आली, मी गेली' म्हणतात. म्हणून क्रियापद ऐकून, केस पाहून, आवाज ऐकून रकाना भरायचा नाही. मी ज्याला आता 'तो' म्हणते आहे, त्याला मी त्याच दिवशी विचारून घेतले.

मात्र 'कोणी पोरगी असते, पण तिला आतून वाटते आपण पोरगा आहो', असे साध्या शब्दांत सांगितले तेव्हा गटात हसू आले नाही. थोडा वेळ शांतता होती. मग एक बाई हळूच म्हणाली, "असते जी. आमच्या माहेरी होती एक." अनुभव गावात आहे. आपला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

इंग्रजीत विचारले म्हणजे भागते असेही नाही. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षांवरील लोकांना पहिल्यांदाच, ऐच्छिक म्हणून, हा प्रश्न विचारला. तुमची लिंगओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळते का, असा त्याचा आशय. २ लाख ६२ हजार लोकांनी, म्हणजे अर्ध्या टक्क्याने, 'नाही' म्हटले. नंतर लक्षात आले की ज्यांची मुख्य भाषा इंग्रजी नाही त्यांच्यात हे प्रमाण फार जास्त दिसते. म्हणजे काहींना प्रश्नच कळला नसावा. २०२४ मध्ये या आकड्यांचा प्रमाणित आकडेवारीचा दर्जा काढून घ्यावा लागला. एवढी यंत्रणा असलेल्या देशाची एका लांबट वाक्यापायी अशी फजिती होते, तर मराठी, गोंडी, हिंदी मिसळून बोलणाऱ्या आमच्या मुलखात किती काळजी घ्यायला हवी!

मग विचारायचे कसे?

माझ्या समजुतीप्रमाणे काही गोष्टी मांडते. त्यांवर चर्चा व्हावी.

एक, स्वतःची ओळख आणि प्रेमाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कोण, हा एक प्रश्न. माझा जीव कोणावर जडतो, हा दुसरा. पारलिंगी पुरुषाला बाई आवडेल, पुरुष आवडेल, कोणीच आवडणार नाही. दोन्हींना एका रकान्यात घालू नये.

दोन, ओळखीसाठी एक नव्हे, दोन प्रश्न हवेत. जन्माच्या वेळी दाखल्यावर काय लिहिले होते? आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता? अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या तज्ज्ञ समितीनेही २०२२ मध्ये हीच दोन पायऱ्यांची रीत सुचवली. दुसऱ्या प्रश्नाखाली बाई, पुरुष, पारलिंगी, हिजडा, यांपैकी नाही असे पर्याय द्यावेत, आणि एक कोरी ओळ ठेवावी. तिथे माणसाचा स्वतःचा शब्द येईल. 'इतर' हा शब्द काढून टाकावा. 'मी इतर नाही' हे मी विसरू शकत नाही.

तीन, ओढीच्या प्रश्नातही तीन पदर आहेत. मन कोणाकडे ओढ घेते, संबंध कोणाशी आले, आणि आपण स्वतःला काय म्हणवतो. लग्न झालेली, दोन मुलांची आई असलेली बाई आयुष्यभर मैत्रिणीवर प्रेम करत असते आणि स्वतःला कोणतेच नाव देत नाही. तिला 'तुम्ही लेस्बियन आहात का' विचारले तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. आरोग्याच्या पाहणीला संबंधांची माहिती लागेल, भेदभावाच्या पाहणीला ओळखीची. जे लागते तेवढेच विचारावे.

चार, उत्तर स्वतः त्या व्यक्तीचेच हवे, ती प्रौढ हवी, आणि एकांत हवा. जनगणनेत घरापुढे, चारचौघांत ओढीचा प्रश्न मुळीच विचारू नये. त्यासाठी वेगळ्या, स्वेच्छेच्या नमुना पाहण्या कराव्यात. तोंडी सांगणे जड जात असेल तर वाटा आहेत. २००६-०७ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने व पॉप्युलेशन कौन्सिलने महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांची पाहणी केली. लग्नापूर्वीच्या संबंधांचा प्रश्न समोरासमोर विचारून झाल्यावर शेवटी एक कार्ड हाती दिले. उत्तराची खूण करा, पाकिटात घाला, पाकीट बंद करा. तोंडाने 'नाही' म्हणालेल्यांपैकी काहींनी कार्डावर 'हो' केले. निरक्षर बाईसाठी चित्रे किंवा रंगही चालतील.

पाच, 'सांगायचे नाही' हा पर्याय मानाचा असावा. वर सांगितलेल्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत लैंगिक कलाच्या प्रश्नाला साडेसात टक्के लोकांनी उत्तरच दिले नाही. ते त्यांचे उत्तर समजावे. चिडवून, पुन्हा पुन्हा विचारून ते बदलू नये.

सहा, प्रश्न ज्यांच्याबद्दल आहेत त्यांनीच तो घडवावा. १९९५ साली मुंबईत 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेल्या आणि पुढे 'लेबिया' झालेल्या गटाने जन्मतः मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या ५० व्यक्तींच्या दीर्घ मुलाखतींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात माणसांनी आपले घर, शाळा, प्रेम, हिंसा आपल्या शब्दांत सांगितली. पन्नास जणांच्या अशा बोलण्यातून जे कळते ते पाच लाखांच्या 'इतर'मधून कळत नाही. मोठी पाहणी करण्याआधी असे ऐकणे व्हायला हवे.

आपल्यातल्या शंका

आपल्याच काही मैत्रिणी म्हणतात, बाईच अजून नीट मोजली गेली नाही, तिथे हे कुठे काढता? यात भर पडली तर स्त्रियांचे आकडे पातळ होतील. ही शंका मी टाळणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धची लढाई आपण आकड्यांच्या जोरावर लढलो आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा केला. मुलींचा आकडा धूसर होणे आपल्याला परवडणारे नाही. पण दोन पायऱ्यांच्या रीतीत जन्माच्या वेळची नोंद तशीच राहते. उलट आजच्या एका रकान्यातच दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. नीट विचारल्याने बाईचा आकडा अधिक स्वच्छ होईल.

दुसरे म्हणणे, खेड्यात असे कोणी नसते. आपल्या कामाबद्दलही हेच म्हणत होते ना, की बाई काही करत नाही?

तिसरी शंका मात्र मला स्वतःला छळते. विचारून झाल्यावर आपण देणार काय? मुक्कामाला जागा नाही, समुपदेशक नाही, घरच्यांनी कोंडले तर धावून जाणारे कोणी नाही. तिथे मनाचे दार उघडायला लावून निघून येणे हीसुद्धा हिंसाच. म्हणून ज्या संस्थेची नंतर पाठीशी उभी राहायची तयारी नाही, तिने हा प्रश्न विचारू नये, असे माझे मत आहे.

त्या कागदाचे काय झाले ते सांगते. मी त्याला विचारले, "बदलू का?" तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्ता राहू द्या जी. पण तुम्हाला माहीत असू द्या." त्यामुळे आमच्या पाहणीत आजही तो 'स्त्री, अविवाहित' असाच मोजलेला आहे. आकडा चुकीचा आहे आणि तो चुकीचा ठेवणे हेच त्या दिवशी बरोबर होते. तेव्हापासून मी एक करते. घरधन्याकडून यादी घेऊन झाली की घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाशी वेगळे बोलल्याशिवाय फॉर्म पुरा झाला असे मानत नाही. वेळ दुप्पट लागतो. पण या रीतीमुळे मला आजवर न सांगितलेली मारहाणही कळली आहे, लपवलेली मजुरीही, आणि न सांगितलेले आजारही.

मैत्रिणींनो, आपापल्या संघटनेचा फॉर्म एकदा काढून बघा. 'लिंग' हा रकाना कोण भरते? विचारून भरते की पाहून? आणि भरलेला कागद कुठे ठेवला जातो? जनगणनेचा प्रगणक दारात येण्याआधी आपल्या घरातले हे कागद तरी आपण दुरुस्त करू या. तुमच्या भागात कोणते शब्द चालतात, कोणते खुपतात, ते जरूर लिहून कळवा.